सातशेचं तिकीट आणि आठ हजारांचा दिवस

पाच माणसं: नवरा-बायको, आजी, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. वॉटर पार्कच्या फलकावर मोठ्यांचं तिकीट ७०० आणि लहानांचं ५००. घरी बसून हिशोब केला तर तीन मोठे, दोन लहान, झाले ३,१००. संध्याकाळी घरी परतल्यावर सगळ्या पावत्या आणि फोनमधले व्यवहार जोडले, तेव्हा रक्कम आली ७,८९४. टोल त्यात धरलेला नाही.

हे आकडे नागपूरच्या बाहेरच्या एका वॉटर पार्कमधले, मे महिन्यातल्या एका रविवारचे. पार्काचं नाव देत नाही. चार उन्हाळ्यांत जिथे जिथे गेलो, तिथे दर थोडे वर-खाली असले तरी पैसा गळण्याच्या जागा त्याच होत्या. त्या जागा आधी माहीत असतील तर बराच खर्च टळतो. जो टळत नाही तो निदान मुलांसमोर काउंटरवर उभं राहून कळत नाही, आणि आमच्या मते हेच जास्त महत्त्वाचं आहे. सहा वर्षांच्या पोराला तीन दिवस आधीपासून मोठी घसरगुंडी दाखवून ठेवायची आणि जिन्याच्या पायथ्याशी तो उंचीत बसत नाही म्हणून परत फिरवायचं, हे दुःख पैशांपेक्षा मोठं आहे.

पहिली गळती तिकिटाच्या खिडकीवर होते. वॉटर पार्कच्या प्रवेशावर १८ टक्के जीएसटी आहे. जुलै २०१७ मध्ये तो २८ टक्के होता, २५ जानेवारी २०१८ पासून १८ झाला. फलकावर, रस्त्यालगतच्या होर्डिंगवर आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीत मात्र बहुधा कर वगळून दर लिहिलेला असतो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कर वेगळा'. म्हणजे ७०० चे ८२६ आणि ५०० चे ५९०. फोनवर दर विचारताना 'सगळे टॅक्स धरून हातात किती द्यायचे?' असंच विचारावं. नुसतं 'तिकीट किती' म्हटलं की उत्तर फलकावरचंच मिळतं.

दुसरी गळती त्याच खिडकीवर, पण ती वयाशी जोडलेली वाटते म्हणून लक्षात येत नाही. लहान-मोठं ठरतं ते उंचीवरून. खिडकीशेजारी भिंतीवर किंवा खांबावर दोन रेषा मारलेल्या असतात. या पार्कमध्ये २ फूट ९ इंचांखाली मोफत, तिथून ४ फूट ६ इंचांपर्यंत लहान, त्यापुढे मोठं. दुसरीकडे दुसरी रेषा ४ फुटांवर असलेलीही पाहिली आहे. अकरा वर्षांची मुलगी ४ फूट ७ इंच भरली आणि तिचं तिकीट मोठ्यांचं झालं. आजी पाण्यात उतरणार नव्हत्या, तरी त्यांचंही पूर्ण तिकीट. चार मोठी ३,३०४ आणि एक लहान ५९०, मिळून ३,८९४. घरच्या हिशोबापेक्षा ७९४ जास्त, आणि अजून गेटच्या आत पाय पडलेला नव्हता.

आजी-आजोबांचं हे तिकीट फार खटकतं. नऊवारी किंवा सहावारी नेसलेली बाई पाण्यात उतरू शकत नाही, कारण साडीला पाण्यात परवानगीच नसते. त्या दिवसभर पत्र्याच्या शेडखाली पिशव्या सांभाळत बसतात आणि त्याचे ८२६ रुपये. काही ठिकाणी 'फक्त बसणाऱ्यां'साठी वेगळं, कमी दराचं तिकीट असतं, पण ते फलकावर लिहिलेलं नसतं. फोनवर विचारलं तर सांगतात, गेटवर रविवारच्या गर्दीत मात्र बहुधा देत नाहीत. म्हणून आधी विचारा आणि दर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी आधार कार्डाची मूळ प्रत मागितली जाते, मोबाइलमधला फोटो चालत नाही असं सांगून परत पाठवल्याचंही पाहिलं आहे.

मुलांची उंची घरी मोजून निघावं. अनवाणी, भिंतीला टाच टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून, सेंटिमीटरमध्ये. वर घट्ट बांधलेला अंबाडा किंवा पोनीटेल उकलून मोजायचं आणि तिथेही केस मोकळेच ठेवायचे, कारण तिथला माणूस कधी केसांवरून पट्टी लावतो. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सुमारे सेंटिमीटरभर उंच असतो. रेषेवर असलेलं मूल सकाळी दहाला खिडकीवर 'मोठं' ठरतं आणि दुपारी चारला घसरगुंडीच्या जिन्यावर 'लहान'. असं एकाच दिवसात झालेलं आहे.

तिकीट ऑनलाइन काढलं तर रांग वाचते, पण तिथेही शेवटच्या पानावर सोयीचं शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी, कधी आधीच टिक केलेली देणगी किंवा विमा येतो. पानागणिक किंमत वाढवत नेण्याला 'ड्रिप प्रायसिंग' आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकण्याला 'बास्केट स्नीकिंग' म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला भुलवण्याचे जे १३ प्रकार मना केले आहेत, त्यांत हे दोन्ही आहेत. पैसे भरायच्या आधीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि टिक काढून टाका. ऑनलाइन तिकीट तारखेला बांधलेलं असतं, हाही तोटा लक्षात घ्या. आपल्याकडे मे महिन्यात दुपारनंतर वादळी वारा, गारा आणि विजा अचानक येतात. विजा दिसल्या की सगळ्यांना पाण्याबाहेर काढावं लागतं, ते योग्यच आहे. पण त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत आणि पुढच्या तारखेचा पासही सहसा मिळत नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा नागपूरचा इशारा बघून मगच तिकीट काढावं.

दिवस कोणता निवडायचा, यावर अर्धा अनुभव ठरतो. नवतपा, म्हणजे साधारण २५ मे ते २ जून, या दिवसांत सगळं नागपूर पाण्याकडे धावतं. नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले होते, त्यामुळे या दिवसांची काहिली वेगळी सांगायला नको. रविवार आणि लग्नाच्या दाट तिथ्यांनंतरचा दिवस टाळा. आपल्या विदर्भाला एक फायदा आहे: उन्हामुळे इथल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार हा सगळ्यांत चांगला. पहिल्या सरी बहुधा पडून गेलेल्या असतात, लोकांचा उत्साह ओसरलेला असतो आणि जिन्यावरची रांग निम्म्याहून कमी असते. डिसेंबर-जानेवारीत मात्र मधल्या वारीच शाळांच्या सहली येतात, तेव्हा हे गणित उलटतं.

रस्त्याचं थोडक्यात. पार्क शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन कारला साधारण पाचशेचं पेट्रोल लागतं. राष्ट्रीय महामार्गावर टोल लागतो. अमरावती रोडला गोंडखैरी, वर्धा रोडला बोरखेडी, सावनेरकडे पाटणसावंगी. चोवीस तासांत परत आलात तर दोन फेऱ्यांचे मिळून एका फेरीच्या दीडपटच पैसे कापायला हवेत. दुपटीने कापले असतील तर फास्टॅगच्या बँकेकडे तक्रार करता येते. कार नसलेल्यांनी परतीचा विचार आधी करावा. शहराच्या मध्यातल्या बर्डीहून (सीताबर्डी) जाताना रिक्षा किंवा कॅब आनंदाने येते, संध्याकाळी सहाला मात्र महामार्गावरच्या त्या ठिकाणी बोलावूनही येत नाही. मग गेटवर उभी असलेली गाडी मागेल तो भाव द्यावा लागतो. एसटीने जाणार असाल तर परतीच्या गाड्यांच्या वेळा मोरभवन किंवा गणेशपेठच्या स्थानकावरूनच लिहून घ्या. वाहनतळाचे ५० रुपये आणि पावतीमागे 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'. गाडीत लॅपटॉप, दागिने काही ठेवू नका.

आता पिशवीची तपासणी. बाहेरचं खाणं बंद, हे सगळीकडे. घरून आणलेल्या पोळ्या, चिवडा, संत्र्याची बर्फी, सगळं गेटवर ठेवून घेतात किंवा गाडीत परत ठेवायला लावतात. तान्ह्या बाळाचं दूध आणि खिमट, मधुमेही माणसाचं खाणं आणि औषधं सोडतात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली की वाद होत नाही. पाण्याच्या बाटलीचं मात्र सगळीकडे सारखं नाही. काही ठिकाणी सीलबंद बाटली अडवतात पण घरची भरलेली स्टीलची बाटली जाऊ देतात. फोनवर हा प्रश्न विचारावाच, आणि त्यासोबत 'आत पिण्याच्या थंड पाण्याचा मोफत नळ आहे का, कुठे आहे?' हाही. आमच्या त्या दिवशी नळ होता, पण पार्किंगकडच्या स्वच्छतागृहामागे. कळेपर्यंत ३० रुपयांच्या सहा बाटल्या घेऊन झाल्या होत्या. १८० रुपये.

त्या बाटलीवर छापील किंमत २० होती. पाकीटबंद वस्तू छापील किमतीपेक्षा महाग विकणं वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या पॅकेज्ड वस्तू नियमांत मना आहे. १ जानेवारी २०१८ पासून त्याच वस्तूवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या छापील किमती ठेवायलाही बंदी आहे. टेबल-खुर्ची आणि वाढपी अशी सेवा देणाऱ्या हॉटेल-रेस्टॉरंटना जादा आकारायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोकळीक दिली, आणि पार्कवाले त्याचाच आधार सांगतात. खिडकीतून हात बाहेर काढून बाटली देणाऱ्या ठेल्यावर कसली सेवा मिळते, हा प्रश्न विचारायला हवा. वाद घालण्याआधी बिल मागा. बिल मागितल्यावर दोनदा बाटली २० लाच मिळालेली आहे.

लॉकर आणि कपडे या दोन खिडक्यांवर सगळ्यांत जास्त वेळ जातो, आणि अनामतीची मोजदाद इथेच सुटते. लॉकर म्हणजे साधारण शाळेच्या दप्तराएवढी लोखंडी खण. पाच जणांचे कपडे, चपला, पर्स, टॉवेल एकात मावत नाहीत. दोन घेतले, प्रत्येकी भाडं १५० आणि अनामत २००. म्हणजे ३०० गेले आणि ४०० अडकले. एकात भागवायचं असेल तर घरूनच आतून पोहण्याचे कपडे घालून निघा, चपला वेगळ्या पिशवीत घालून शेडखाली ठेवा आणि आत फक्त पाकीट, फोन, चावी व परतीचा एकेक जोड ठेवा. जाड टॉवेलऐवजी पंचा न्या. जागा कमी घेतो आणि उन्हात दहा मिनिटांत वाळतो.

कपड्यांचा नियम कडक असतो आणि त्याला कारण आहे. पाण्यात फक्त नायलॉन, लायक्रा किंवा पॉलिस्टर. सुती कापडाचे तंतू सुटून फिल्टरच्या वाळूत अडकतात, कच्चा रंग पाण्यात उतरतो, ओली जीन्स जड होऊन माणसाला खाली ओढते. चेन, बटण, रिव्हेट यांनी फायबरच्या घसरगुंडीवर ओरखडे पडतात आणि तो ओरखडा पुढच्याच्या पाठीला लागतो. ओढणी आणि गळ्यातली साखळीही काढायला लावतात, तेही योग्यच. पण 'सिंथेटिक चालेल' असं फोनवर सांगून गेटवर 'आमचाच कॉश्चूम लागेल' म्हणणारे भेटतात. त्या दिवशी आईचा १५०, वडिलांची अर्धी चड्डी १००, मुलीचा १००, असं ३५० भाडं आणि प्रत्येकी १०० अनामत. शिवाय लांब केसांना टोपी सक्तीची, तीही विकतच. दोन टोप्या १२० रुपयांच्या.

भाड्याचे कपडे किती धुतलेले असतात, हा आमचा खरा आक्षेप आहे. रविवारी दुपारनंतर ते ओलेच परत दिले जाताना दिसतात. ओल्या, घट्ट कपड्यातून नायटा सहज पसरतो. गांधीबाग किंवा बर्डीच्या बाजारात घेतलेला साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि नायलॉनची लेगिंग चार उन्हाळे टिकते. बायकांनी गुडघ्याखाली जाणारी, गडद रंगाची घ्यावी. फिकट रंग ओला झाल्यावर अंगाला चिकटून दिसतो. नव्या कपड्याची शिवण आतून तपासा, धातूची चेन नको, नाडीची कंबर हवी. टोपी खेळाच्या दुकानातून आधीच घ्या. आणि आत जाताना सांगा की स्वतःचा कपडा चालतो, हे कोणी सांगितलं होतं त्याचं नाव माझ्याकडे आहे. फोनवर बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवण्याचा हा उपयोग.

फोनची प्लास्टिक पिशवी १५०, तीच बाहेर बरीच स्वस्त मिळते. दोघांची हवेची ट्यूब १०० भाडं आणि २०० अनामत. ट्यूब लागणाऱ्या घसरगुंडीवर ट्यूब तिकिटात धरलेली आहे की वेगळी, हे जिन्यावर चढून वर पोचल्यावर कळतं. या क्षणाला हातातून सुटून अडकलेले पैसे ९०० आणि त्या अनामतींची टोकनं सहा.

इतकं होऊन पाण्यात पाय पडला तेव्हा ११ वाजून ४० मिनिटं झाली होती. घर नऊला सोडलं होतं, गेटवर सव्वादहाच्या आत होतो.

आता जे सगळ्यांत महत्त्वाचं, ते पाण्यातल्या वेळाचं. पाणी पाचला बंद. जेवणाचा तास वजा केला तर उरले ४ तास २० मिनिटं. पाच मोठ्या घसरगुंड्या, प्रत्येकीच्या जिन्यावर रविवारी वीस ते तीस मिनिटं उभं राहणं आणि खाली येणं पंधरा-वीस सेकंदांचं. म्हणजे पाचही करायच्या तर जवळपास दोन तास लोखंडी जिन्यावर उन्हात. त्या दिवशी दोन घसरगुंड्या बंदच होत्या. 'मेंटेनन्स' असा कागद लावलेला. प्रत्येक घसरगुंडीला वरून सतत पाणी सोडावं लागतं, त्यासाठी खाली मोठा पंप असतो. पाणी कमी पडलं तर माणूस मध्येच अडकतो किंवा पाठ सोलते. वीज गेली की जनरेटरवर सगळे पंप एकदम ओढले जात नाहीत, म्हणून दोन चालू, दोन बंद अशी पाळी लावतात. तांत्रिकदृष्ट्या हे समजण्यासारखं आहे. पण तिकीट विकताना खिडकीवर सांगितलं पाहिजे की आज अमुक बंद आहे, आणि तेवढे पैसे कमी घेतले पाहिजेत. फोनवर विचारा: 'आज किती राइड चालू आहेत, वेव्ह पूल किती वाजता आहे?' उत्तर 'सगळं चालू आहे' असं आलं तर सकाळी निघताना पुन्हा एकदा विचारा.

वेव्ह पूल दिवसभर लाटा मारत नाही, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं. खोल बाजूच्या भिंतीमागे बंद खोल्या असतात, त्यांत मोठ्या ब्लोअरने हवा दाबली की पाणी पुढे ढकललं जातं. यंत्राला वीज खूप लागते, आणि मधल्या वेळात जीवरक्षकांना पाण्यावर नीट नजर फिरवता येते. म्हणून वीसेक मिनिटं लाटा आणि मग तासभर शांत पाणी. त्या दिवशी फक्त तीन फेऱ्या होत्या: साडेबारा, अडीच आणि सव्वाचार. यांतली एक जेवणात गेली तर दोनच उरतात. रेन डान्सचंही तसंच.

अनुभवाने बसलेला क्रम असा. गेट उघडायच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. आत गेल्या-गेल्या सगळी गर्दी वेव्ह पूलकडे पळते, तेव्हा तुम्ही सगळ्यांत उंच घसरगुंडीकडे जा. पहिल्या पाऊण तासात तीन होतात. जेवण बाराला किंवा अडीचनंतर. दीडला जेवायला गेलात तर थाळीसाठीच अर्धा तास जातो. एक ते तीन मुलांना सावलीतल्या उथळ पाण्यात ठेवा. या वेळी फरशी आणि जिना इतका तापतो की तळपायाला फोड येतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट जिथे चालतात तिथे वापरा, नाहीतर जाड नायलॉनचे मोजे. चारनंतर पुन्हा घसरगुंड्या, कारण दूरचे लोक निघू लागतात.

सहा वर्षांच्या मुलाची उंची ३ फूट ८ इंच होती. मोठ्या घसरगुंड्यांना किमान ४ फूट लागतात, आणि हा नियम मोडावा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. शेवटच्या कुंडात साधारण तीन-साडेतीन फूट पाणी असतं, वेगाने पडल्यावर मुलाला तिथे उभं राहता आलं पाहिजे. शिवाय हलकं, बुटकं शरीर वळणावर आडवं होतं. वजनाचीही कमाल मर्यादा असते, कारण जड माणूस वेगाने येऊन पुढच्यावर आदळतो. चूक आहे ती तिकिटाच्या रचनेत. ५९० रुपये भरलेल्या मुलाला लहानांचं कुंड, मशरूमच्या आकाराच्या छत्रीचा पाऊस, डोक्यावर ओतली जाणारी बादली आणि वेव्ह पूलची उथळ कड, एवढंच मिळतं. त्या पैशात काय काय येत नाही, हे खिडकीवर उंचीच्या रेषेशेजारी लिहायला हवं. तोवर आपणच घरून मुलाला सांगावं: या तीन तुझ्या आहेत, त्या पुढच्या वर्षी. मुलं हे ऐकतात. जिन्यापाशी गेल्यावर मात्र ऐकत नाहीत.

पाण्याकडे बघायची सवय लावा. सगळ्यांत खोल जागी उभं राहून तळाची जाळी आणि रंगीत पट्टे स्वच्छ दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर उतरू नका, कारण तळाशी गेलेलं मूल जीवरक्षकालाही दिसणार नाही. पाण्यात मोकळा क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेला) लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.८ असावा लागतो. उघड्या कुंडात आपल्या उन्हात क्लोरीन झपाट्याने उडतो, आणि दुपारपर्यंत शेकडो माणसांचा घाम, तेल आणि लघवी त्यात मिसळलेली असते. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला की 'भरपूर क्लोरीन घातलाय' असं लोक समजतात. तो वास क्लोरीन आणि घाम-लघवीतल्या नायट्रोजनच्या संयुगांचा असतो, म्हणजे मोकळा क्लोरीन खर्ची पडल्याची खूण. तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात, पाण्यात बुडवून डबीवरच्या रंगाशी ताडायच्या. कुंडाशेजारच्या फलकावर त्या दिवसाचं मोजमाप वेळेसह लिहिलेलं असेल तर तो पार्क चांगला समजावा. आत जाण्याआधी साध्या पाण्याने अंघोळ करा, पोरांना दर तासाला स्वच्छतागृहात न्या, पाणी तोंडात घेऊन उडवू देऊ नका. जुलाब झालेलं मूल बरं होऊन काही दिवस जाईपर्यंत नेऊच नये.

पाण्यात असताना घाम येतो पण जाणवत नाही. डोकं दुखणं, मळमळ, मूल एकदम गप्प बसणं, ही उन्ह लागल्याची सुरुवात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात (लहान पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापात), पूर्ण, अर्धी करायची नाही. टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस नव्हेत.

जेवणात आश्चर्य काही नाही. सकाळच्या पोह्यांच्या पाच प्लेट ४००, घरून तर्री-पोहे खाऊन निघालात तर वाचतात. थाळी २८० ची चार आणि मुलाची अर्धी १८०, मिळून १,३००. 'अनलिमिटेड'मध्ये एक ताट दोघांत चालत नाही. संध्याकाळी मका, चहा, आइस्क्रीम ३५०. आणि घसरगुंडीवर काढलेला फोटो २००. तो न विचारता काढतात आणि बाहेर पडायच्या वाटेवर पडद्यावर दाखवतात, मुलं तिथेच थांबतात.

पाचला शिटी वाजते आणि सगळी माणसं एकाच वेळी अनामतीच्या खिडकीकडे जातात. त्या रांगेत पाऊण तास गेला. एक टोकन पाण्यात हरवलं की १०० ते २०० गेले; कपड्याला उसवण दिसली की अनामतीतून कापतात. म्हणून कपडा घेतानाच उसवलेली जागा त्या माणसाला दाखवून फोटो काढा, टोकनं सेफ्टी पिनने टोपीच्या आत लावा आणि मोठ्यांपैकी एकाने साडेचारलाच कपडे बदलून अनामत परत घ्यावी. सुटे नाहीत म्हणून यूपीआयने परत करू म्हणाले तर पैसे येईपर्यंत खिडकी सोडू नका.

तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी व्यवस्थापकाच्या वहीत लिहा, पानाचा फोटो घ्या. बंद राइडच्या कागदाचा फोटो वेळेसह, बाटलीच्या छापील किमतीचा फोटो, आणि पावती. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या दाव्याला फी नाही. मात्र पुरावा म्हणून पावतीवर जीएसटी क्रमांक आणि तारीख छापलेली असलेली बरी. कच्च्या कागदावर 'पेड' लिहून दिलं असेल तर खिडकीवरून हलायच्या आधीच छापील मागून घ्या.